टिपणीसाची शेवटची ओळ

मी एक जुना प्रोग्राम आहे. वय विचाराल तर तुमच्या धाकट्या भावंडाएवढं. पण मित्रांनो, आमच्यात एवढ्या वयाला पेन्शनीत काढतात. मला हात नाहीत, पाय नाहीत. डोळे मात्र आहेत. ते ज्या मुलीने मला दिले, तिनेच पुढे माझ्या तोंडावर हात ठेवला. तेच आज सांगायला बसलोय. मध्येच माझा आवाज चढला तर समजून घ्या.

आधी माझं काम सांगतो. संगणकाला एकच मेंदू असतो असं तुम्हाला वाटत असेल, तर ते दिवस गेले. आता मोठ्या संगणकात शंभराच्या वर मेंदू शेजारी शेजारी बसून एकाच वेळी कामं उपसतात. त्यांना कोअर म्हणतात. मी क्षणोक्षणी प्रत्येक कोअरपाशी डोकावतो, "काय रे, काय चाललंय?" असं विचारतो आणि उत्तर टिपून ठेवतो. मग सगळी टिपणं मांडून अहवाल देतो, की अमक्या कामात इतका वेळ गेला. प्रोग्राम हळू चालायला लागला, की दोष कुणाचा हे माझ्या अहवालावरून ठरतं. म्हणून तर प्रांजलने माझं नाव ठेवलं टिपणीस.

मला बनवलं श्रुतिकाने. ती घाटकोपरची, डोंगरउतारावरच्या वस्तीत वाढलेली. अंधेरीच्या एमआयडीसीत सिनेमांसाठी संगणकावर चित्रं घडवून देणारं सॉफ्टवेअर बनवणारी एक छोटी कंपनी आहे, तिथे ती कामाला. प्रांजल तिच्या बाजूच्या टेबलावर. तो मुलुंडचा, मूळ गाव मालवणकडचं. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले होते, आणि भांडायचे असे की नवीन माणसाला वाटावं, आता ह्यांचं तोंड बघणं बंद.

सुरुवातीला मी अगदीच धांदरट होतो. सगळ्या कोअरची टिपणं एकाच बादलीत टाकायचो. बादली म्हणजे संगणकाच्या आठवणीतली थोडीशी राखीव जागा. एकजण टिपण टाकत असला की बाकीचे ताटकळत उभे. बादली रिकामी करणाराही एकच. तो यायच्या आत ती भरायची आणि पुढची टिपणं सरळ सांडून जायची. गेली ती गेली!

"आमच्या गल्लीत एकच नळ होता ना, सेम तस्संच चाललंय ह्याचं," श्रुतिका एकदा वैतागून म्हणाली. "निम्म्या बायका रिकाम्या हंड्याने परत."

"मग काय केलंत तुम्ही?" प्रांजलने विचारलं.

"काय करणार? घराघरात नळ आले तेव्हा भांडणं मिटली."

"अगो, मग ह्याला पण दे ना घराघरात नळ!"

आणि खरंच, दोघांनी मिळून तसंच केलं. प्रत्येक कोअरला स्वतःची वेगळी बादली मिळाली. कुणी कुणासाठी खोळंबायचं कारण उरलं नाही. एक भरली की लगेच लावायला दुसरी तयार. रिकामं करणारेही वाढवले. माझी सांडलवंड जवळजवळ थांबली. काय सुरेख दिवस होते ते! डबे खाता खाता दोघं माझ्यावर काम करायचे. प्रांजलच्या डब्यातली सोलकढी एकदा कीबोर्डवर सांडली, तेव्हा श्रुतिकाने त्याला ऑफिसभर पळवला होता.

पण प्रांजलचं तेवढ्याने समाधान होईना. "इतकं करूनही एखादं टिपण सांडलंच तर?"

"तर सांडलं. कोणाला कळतंय?" श्रुतिका म्हणाली.

"तेच नको ना यार. सांडलं तर सांडलं म्हणून त्याने स्वतःच लिहावं. नाहीतर लोक त्याने पाहिलं तेवढंच खरं धरतील."

श्रुतिकाला पटलं. तिने स्वतःच्या हाताने माझ्या अहवालाच्या तळाशी एक ओळ घातली: "मला टिपता न आलेल्या नोंदी", आणि पुढे आकडा. एकही नोंद सुटली नसेल, तर ती ओळ उमटायची नाही. मित्रांनो, मला माझ्या डोळ्यांचा नव्हता इतका अभिमान त्या ओळीचा होता. मला काय दिसलं नाही हेसुद्धा मी सांगत होतो.

पुढची काही वर्षं माझी चंगळ होती. कुठलाही प्रोग्राम रेंगाळला, की "टिपणीसला बोलवा" अशी हाक यायची. साहेब होते चंद्रप्रकाश. ते तर पाहुण्यांसमोर मला स्क्रीनवर उघडून दाखवायचे. तुमचं कौतुक झाल्यावर तुम्ही फुगता की नाही? मीही फुगलो.

मग ती नवी आवृत्ती आली. तिच्यात दोन मोठे बदल होते. चित्रातला उजेड आणि सावल्या यांचा हिशेब श्रुतिकाने नव्याने लिहिला होता. चित्रं फाइलमधून वाचून आत आणण्याचं काम प्रांजलने नव्याने लिहिलं होतं. एका स्टुडिओने ती वापरायला घेतली आणि चौथ्याच दिवशी त्यांचा फोन आला. चित्रं पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ खातायत, सिनेमा रखडलाय, दुरुस्त करा नाहीतर आम्ही चाललो.

चंद्रप्रकाश साहेबांनी दोघांना समोर उभं केलं. "ज्याच्या कोडमुळे हे झालंय, त्याला मी ठेवणार नाही. स्टुडिओला मी तसं सांगून बसलोय." गेल्या वर्षीच्या छाटणीत प्रांजल कसाबसा वाचला होता. श्रुतिकाला त्याच महिन्यात टीमची हेड करायचं ठरत होतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही म्हणाले, "टिपणीस लावू या."

मला स्टुडिओच्या संगणकावर नेलं. एवढे कोअर मी एका जागी कधी पाहिले नव्हते. पण आठवणीतली जागा सगळी सिनेमाने बळकावलेली. तिथली माणसं म्हणाली, तुमच्या बादल्या लहान करा. श्रुतिकाने केल्या. मी कामाला लागलो.

आणि तिथेच घोळ झाला. प्रांजलचं काम शांतपणे, मोजक्या कोअरवर चालायचं. त्याचं प्रत्येक टिपण माझ्या हाती लागलं. श्रुतिकाचा सावल्यांचा हिशेब सुरू झाला, की सगळे कोअर एकदम कल्ला करायचे. चिमुकल्या बादल्या डोळ्याचं पातं लवेपर्यंत भरायच्या. रिकामं करणारे धापा टाकायचे. टिपणं नुसती धो धो सांडायची. जिथे सगळ्यात जास्त वेळ जात होता, नेमकं तिथलंच मला काही धरता आलं नाही. अहवाल तयार झाला तेव्हा सर्वांत वर नाव होतं प्रांजलच्या कामाचं. तळाशी मात्र माझी ओळ इमानाने उभी होती: टिपलेल्यांपेक्षा न टिपलेल्या नोंदी जास्त आहेत.

श्रुतिकाने ती ओळ वाचली. मला पक्कं ठाऊक आहे, कारण तिचा कर्सर कितीतरी वेळ तिच्यावरच थांबला होता. "वाट लागली," ती पुटपुटली. तिला सगळं कळलं होतं. मला बनवणारी ती, तिला नाही कळणार? उपायही सोपे होते. मला जरा कमी वेळा डोकावायला सांगितलं असतं, तरी सांडणं थांबलं असतं. एका फेरीपुरती स्टुडिओकडून थोडी जागा मागून घेतली असती, तरी चाललं असतं. मी वाट बघत होतो, की आता ती हे करेल.

तिने माझी फाइल उघडली. मला वाटलं, आली माझी बाई धावून. तिने त्या ओळीच्या सुरुवातीला दोन तिरक्या रेघा मारल्या. असं केलं की संगणक ती ओळ वाचायचीच सोडून देतो. मग तिने तोच अहवाल पुन्हा काढला आणि साहेबांना पाठवला.

अरे, आईने लेकराला बोलायला शिकवावं आणि नेमक्या वेळी त्याच्या तोंडात बोळा कोंबावा, असं झालं हो माझं!

बैठकीत मी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर होतो. प्रांजलचा चेहरा उतरलेला दिसत होता. त्याने एकच प्रश्न विचारला. "श्रुतिका, हुकलेल्या नोंदी किती आहेत गं?"

"एकपण नाही. हुकल्या असत्या तर खाली ओळ आली असती ना?"

प्रांजलने पार तळापर्यंत बघितलं. तळाला काही नव्हतं. आकडा माझ्या पोटात होता, मी तो घोकत होतो, पण बोलू कशाने?

"मग माझंच चुकलंय, सर," प्रांजल म्हणाला. "टिपणीस खोटं नाही बोलत."

हे वाक्य मला आजही सहन होत नाही. साहेबांनी शिवी दिली असती तर मी गिळली असती. पण त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, आणि त्याच विश्वासाने त्याचा गळा कापला.

त्याने आपलं चांगलं चाललेलं काम पुन्हा पुन्हा मोडून लिहिलं. काहीच फरक पडेना, कारण आजार तिथे नव्हताच. तो डबा न खाताच परत न्यायला लागला. साध्यासाध्या गोष्टी दुसऱ्यांना विचारायला लागला, "हे बरोबर आहे ना रे? बघ ना जरा." एवढा हुशार मुलगा! महिनाअखेरीला साहेबांनी त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. निघताना तो श्रुतिकाला म्हणाला, "टिपणीसला सांभाळ हां." तिने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मला त्या पाण्याची कीव आली नाही. खरं सांगतो, चीडच आली.

प्रांजल गेल्यावर श्रुतिकाने स्टुडिओकडून जागा वाढवून मागितली. मागताक्षणी मिळाली! तिने माझ्या बादल्या मोठ्या केल्या आणि एका रविवारी एकटीने मला चालवलं. त्या दिवशी एकही टिपण सांडलं नाही. वरपासून खालपर्यंत तिच्याच सावल्यांचा हिशेब. तिने तो गुपचूप दुरुस्त केला. चित्रं झपाझप निघायला लागली. साहेबांनी केक मागवला. "बघितलंत?" ते सगळ्यांदेखत म्हणाले, "तो गेला आणि गाडी सुटली." श्रुतिका हेड झाली. तिनेच केक कापला.

त्याच आठवड्यात, म्हणजे आज सकाळीच, प्रांजलचा फोन आला. श्रुतिकाने लॅपटॉपवरच घेतला, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"अगो, अभिनंदन! निधीने सांगितलं मला. मी गेल्यावर सुसाट पळतंय म्हणे." निधी म्हणजे त्यांच्या टीममधली नवी मुलगी. "म्हणजे माझंच होतं शेवटी."

मी मनातल्या मनात ओरडत होतो: सांग, आता तरी सांग!

"जाऊ दे रे," ती म्हणाली. "तू काय करतोयस हल्ली?"

"मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. बरं आहे. पवईच्या एका कंपनीने बोलावलंय उद्या इंटरव्ह्यूला, पण नाही जाणार. उगाच त्यांच्या कामाची पण वाट लावायची."

"असं नको बोलूस," एवढंच ती म्हणाली. मग मीटिंग आहे सांगून तिने फोन ठेवला.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. माझ्यासारखे कितीतरी मोजणारे तुमच्या हाताखाली येतील. त्यांना पुरेशी जागा द्या. त्यांच्या बादल्या वेळच्या वेळी रिकाम्या करा. आणि एखाद्यावर खापर फोडण्याआधी त्यांना एवढं नक्की विचारा, "बाबा रे, तुला दिसलं नाही असं किती आहे?" त्यांनी खरं सांगितलं तर ते पुसू नका. त्या पुसण्याखाली माणूस जातो.

अहवालात मला अजून बोलता येत नाही, ती ओळ बंदच आहे. म्हणून तुमच्यापैकी कुणी मुलुंडला राहत असेल, कुणी झेरॉक्स काढायला जात असेल, आणि गल्ल्यावर चश्मिस, हळू बोलणारा एक मुलगा दिसला, तर माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, टिपणीसाला तुझं काम पूर्ण दिसलं होतं. त्यात काहीही चुकलेलं नव्हतं. उद्या इंटरव्ह्यूला जा.