शिवकन्येसमोरची रिकामी खुर्ची

मी शिरूर कासारच्या बाजूच्या एका गावची खुर्ची आहे, मित्रांनो. बाभळीच्या लाकडाची, दोन हातांची, आता बरीच जुनी झालेली. खुर्चीला कसली आली भीती, असं तुम्हाला वाटेल. पण माझं निम्मं आयुष्य भिण्यातच गेलं, म्हणून ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

सटवा सुताराने मला घडवलं. गावात तेव्हा नवी दूध सोसायटी निघाली होती आणि चेअरमनला बसायला खुर्ची हवी होती. उद्घाटनाच्या दिवशी माझ्या पाठीला झेंडूचा हार घातला होता. रोज सकाळी बाया-माणसं दुधाच्या किटल्या घेऊन रांगेत उभी राहत, दूध मापलं जाई, टेम्पो निघून जाई. चेअरमन बबनराव उठताना माझ्या हातावर थाप मारून म्हणत, "लई मजबूत हाय बरं का ही!" ते ऐकून मला फार बरं वाटे.

मग पावसाने पाठ फिरवली. आधी चारा संपला. जनावरं छावणीत गेली आणि तिथून बरीचशी बाजारात. एक दिवस दुधाचा टेम्पो आला, थोडा वेळ थांबला आणि रिकामाच परत गेला. सोसायटीच्या दाराला कुलूप लागलं. मुंजाजी नावाचा शिपाई तेवढा अधूनमधून डोकावत असे.

बंद खोलीत मी भ्यायला शिकले. भिंतीवरून वाळवी खाली उतरत होती. माझ्याशेजारचं बाकडं एका सकाळी छावणीच्या चुलीसाठी उचलून नेलं. भिंतीपलीकडून कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते. त्यानंतर कुलपाचा आवाज झाला की मला वाटे, आता माझी वेळ आली.

एकदा खरंच कुलूप निघालं. पण मुंजाजीच्या हातात कुऱ्हाड नव्हती, फडकं होतं. त्याने मला पुसलं आणि सोसायटीच्याच हॉलमध्ये नेऊन ठेवलं. तिथे सतरंजीवर मास्तर, बाया, आरोग्यसेविका गोल करून बसल्या होत्या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या माणसांचं मन कसं ऐकावं, हे त्यांना शिकायचं होतं. गेस्टाल्ट नावाची एक उपचारपद्धती आहे, तिचं ते प्रशिक्षण होतं. मनात काही अर्धवट राहून गेलेलं असतं, ते आज, इथे, सगळ्यांच्या साक्षीने पुरं होऊ द्यायचं, असं त्या पद्धतीत मानतात. आणि दुसऱ्याचं ऐकायला शिकणाऱ्याने आधी स्वतः बोलायचं, असा तिथला नियम होता.

शिकवणारे दोघे होते. आबासाहेब पूर्वी नाटकं बसवत. गावोगावच्या हौशी नटांना त्यांनी रंगमंचावर रडायला आणि ओरडायला शिकवलं होतं. आतलं बाहेर काढलं की माणूस मोकळा होतो, यावर त्यांचा विश्वास. दुसऱ्या कौशल्याबाई. त्यांनी गेवराईकडच्या एका दवाखान्यात परिचारिका म्हणून उमर घालवली होती. महामार्गावरच्या अपघातांतली माणसं त्यांनी पाहिली होती. त्या फार कमी बोलत. समोरच्याचा श्वास कुठे अडकतो, हात काय करतात, पाय जमिनीला टेकलेत का, एवढंच बघत.

आबासाहेबांनी मला मधोमध ठेवलं आणि म्हणाले, "ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय, तो माणूस या खुर्चीवर बसलाय असं समजा."

मित्रांनो, माझ्यावर कोणीच नव्हतं! तरी एक मास्तर माझ्याकडे बघून हात जोडू लागले. एक बाई दात-ओठ खाऊन माझ्यावर ओरडली. मला वाटलं, माझ्यावर खरंच कोणीतरी येऊन बसतंय, फक्त मलाच ते जाणवत नाही. भीतीने माझे सांधे करकरले.

मग शिवकन्या पुढे आली. ही हंगामी वसतिगृह सांभाळणारी पोरगेली बाई. आईबाप ऊस तोडायला गेले की मागे राहिलेली मुलं तिच्याकडे असत. ती मायाळू होती, पण कुणी मुलगी विहिरीकडे निघाली की तिच्यावर किंचाळायची आणि मग स्वतःच घामाघूम होऊन खाली बसायची. पोरांना ती दिवसदिवस कोंडून ठेवू लागली होती. हे काम सोडायचं तिने मनाशी ठरवलं होतं.

"खुर्चीवर कोण हाय?" आबासाहेबांनी विचारलं.

"जना. माझी थोरली बहीण." तिचा आवाज ऐकूच येईना. "आमी लहान हुतो. दुष्काळ हुता. टँकरचं पाणी हिरीत सोडायचे. तळाला राहिलेलं भरायला पोरींना दोरानं खाली उतरवायचे. त्या दिशी माझी पाळी हुती. मी मायचं लुगडं धरून रडले. माय म्हणली, जाऊ दे, ही भित्री हाय. जने, तू धीट हायेस, तू उतर."

"मग?"

"कठड्याचा दगड निसटला. जना वर आलीच न्हाई."

आबासाहेब पुढे सरकले. "बोल तिच्याशी. ती समोर हाय. मोठ्यानं बोल. थांबू नको!"

शिवकन्येने तोंड उघडलं, पण आवाज निघेना. ओठ पांढरे पडले, बोटं वाकडी झाली. तिचे डोळे माझ्यावर असे खिळले होते, जणू माझ्या जागी ती विहीरच आहे. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं. पाय चार असून मला पळता कुठे येतं?

"बोल, शिवकन्या!"

"थांबा, आबासाहेब." कौशल्याबाई उठल्या. "तिला श्वास घेता येईना, आन् तुमी बोल म्हणताय?"

"आत्ता थांबलो तर ती परत मिटून जाईल."

"मिटू द्या. ते दार तिचं हाय. उघडायचं का न्हाई, ते तिला ठरवू द्या."

त्यांनी शिवकन्येच्या शेजारी बैठक मारली. "पोरी, इकडं बघ. टाचा टेकव. खाली काय लागतंय?"

"सतरंजी."

"आन् सतरंजीखाली?"

"फरशी. गार हाय."

"तू फरशीवर हायेस. हिरीत न्हाईस."

शिवकन्येला हुंदका फुटला आणि तिचा श्वास सुरू झाला. आबासाहेब म्हणाले, "कौशल्याबाई, माझी घाई झाली. नाटकात पडदा पाडता येतो. इथं न्हाई येत." त्यांनी मला उचलून भिंतीशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शिवकन्या स्वतःहून आली. तिने मलाच ओढून घेतलं, पण समोर नाही. जरा बाजूला, तिला सोसेल इतक्या अंतरावर ठेवलं. कौशल्याबाई तिच्यामागे बसल्या. आबासाहेब या वेळी दाराजवळ गप्प उभे होते.

"जने," ती म्हणाली, "माझी पाळी हुती. तू गेलीस."

कौशल्याबाई हळूच म्हणाल्या, "वाटलं तर आता तिच्या जागेवर बसून बघ. जना काय म्हणती ते ऐकू."

शिवकन्या उठली आणि माझ्यावर येऊन बसली. तिचं अंग थंडगार होतं. मला वाटलं, आता ही म्हणेल, मी तुला माफ केलं. बसलेल्या सगळ्यांनाच तसं वाटत असावं. पण तिच्या तोंडून वेगळंच निघालं.

"मलाबी भ्या वाटत हुतं, शिवे. लई भ्या वाटत हुतं. पण मला कुणी इचारलंच न्हाई. धीट हायेस, धीट हायेस, म्हणून दोर बांधला."

आणि ती माझे दोन्ही हात घट्ट धरून रडली. सारा हॉल रडला. आबासाहेबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. शिवकन्या उठून आपल्या जागी गेली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मला ठावं नव्हतं, जने. मला वाटायचं, भिणारी मी एकलीच."

तिने काम सोडलं नाही. त्याच उन्हाळ्यात आमच्या हॉलमध्ये पाण्याची बैठक भरली. टँकरचं पाणी नेहमीसारखं विहिरीत सोडायचं, असं ठरत आलं होतं. पंचमंडळी उठायच्या बेतात होती, तेवढ्यात शिवकन्या उभी राहिली. तिने माझी पाठ घट्ट धरली होती.

"टाकी बसवा आन् तोट्या लावा," ती म्हणाली. "एकबी लेकरू हिरीत उतरणार न्हाई."

"कावून? पोरी काय आज उतरत्यात का?" कुणीतरी हसून म्हणालं. "शिवकन्याबाई, तुमी भ्याला जणू."

"व्हय, भ्याले. पोरी उतरत न्हाईत, पण कठड्यावर वाकून पाणी वढत्यात. मला अजून भ्या वाटतंय. पोरींनाबी वाटतं. तुमी त्यांना कधी इचारलंय का?"

बबनराव आता थकले होते. ते काठी टेकत उठले आणि म्हणाले, "सोसायटीच्या जागेत बसवा टाकी. जागा पडूनच हाय." टाकी बसली. दुसऱ्या दिवसापासून वसतिगृहाच्या मुली मोकळेपणाने पाण्याला येऊ लागल्या, आणि शिवकन्या त्यांच्याबरोबर.

मित्रांनो, माझा एक सांधा सुटला आहे, एक पाय लुळा झाला आहे. मला खिळा मारा, उन्हात टाकू नका, एवढं तर मी मागेनच. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात, वर्गात एखादी जना असेल. अवघड काम निघालं की सगळे तिलाच पुढे करत असतील. दोर बांधण्याआधी तिच्याजवळ बसा आणि विचारा, "तुला भीती वाटते का गं?" मग ती काय सांगते ते शेवटपर्यंत ऐका.