शपथेआधीची दुपार

दहावीचा शेवटचा पेपर देऊन पूर्वा घरी आली आणि तिने थेट वकिलीच सुरू केली.

"चौदा तारीख नको. सोळा घ्या."

पप्पांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. आम्रपालीताई पहिल्या बाळंतपणासाठी कॅनडाहून वाघोलीला माहेरी आलेली. बाळ पायाळू, त्यामुळे सिझेरियन ठरलेलंच. 'एप्रिलच्या मधल्या आठवड्यातला कुठलाही दिवस सांगा,' असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा पप्पांनी पापणी लवायच्या आत चौदा एप्रिल सांगून टाकला होता. बाबासाहेबांच्या जयंतीला नातवंड! अर्ध्या सोसायटीला बातमी देऊनही झाली होती.

"का? त्या दिवशी तुमचा क्लास आहे का?" पप्पांनी विचारलं. पप्पा चिडले की लेकीला अहोजाहो करत.

"पंधराला राकेशदाजींची शपथ आहे. तिथे सकाळी, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी. ती घेतली की दाजी कॅनडाचे नागरिक. त्यानंतर बाळ जन्मलं, तर पुण्यात जन्मूनसुद्धा ते आपोआप कॅनडाचं. आधी जन्मलं तर नाही. मग त्याला तिकडे न्यायला अर्ज करा, महिनोन्महिने वाट बघा."

"आणि माझी रजा जूनमध्ये संपते," ताई हळूच म्हणाली. नवी नोकरी होती तिची, रजाही हातापाया पडून मिळालेली. "म्हणजे बाळाला इथे ठेवून जायचं मी?"

दाजींनी तिथल्या वकिलाला विचारलं, तर पूर्वाचंच बरोबर निघालं! डॉक्टरीणबाईंनी सोळा तारीख दिली. पूर्वा घरभर अशी मिरवत होती, जणू खटलाच जिंकलाय. जयंतीची मिरवणूक खालून वाजतगाजत गेली. ताई पांढऱ्या साडीत, पोटावर हात ठेवून गॅलरीत उभी होती. पप्पा मान फिरवून म्हणाले, "चौदा एप्रिल काय, पुढच्या वर्षी पण येईल. वकीलबाई सांगतील तेव्हा."

पंधराला सकाळी ताईचं पाणी गेलं.

खराडीच्या हॉस्पिटलात ताईच्या पोटाला पट्टा बांधला होता. बाळाचे ठोके मशीनमधून घोड्याच्या टापांसारखे ऐकू येत होते. धावायचे, मध्येच अडखळायचे.

"लगेच घ्यावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इथे सही करा."

ताईने पेन घेतलं आणि मुठीत दाबून धरलं. "संध्याकाळपर्यंत थांबा ना मॅडम. पाया पडते."

"अहो, मी थांबेन. बाळ थांबणार नाही."

"थोडाच वेळ राहिलाय!"

"आमू, सही कर गं," आई रडत होती. आईचं नाव चंपा, पण तिला असं सुकलेलं पूर्वाने कधी पाहिलं नव्हतं. पप्पा भिंतीकडे तोंड करून उभे होते. दाजींना फोन लावला, तर तिकडे मध्यरात्र उलटलेली. ते उचलेनात.

"नाही करणार! पूर्वा, तू सांग ना यांना. तूच वाचलंस ना सगळं? सांग!"

सगळ्यांच्या नजरा पूर्वाकडे वळल्या. टापा पुन्हा अडखळल्या, या वेळी जरा जास्तच. काल जयंतीला झालं असतं, तर आत्ता बाळ दुपट्यात झोपलेलं असतं.

"ताई," ती म्हणाली, "तो नियम जिवंत बाळासाठी आहे गं."

ताईने तिच्याकडे असं पाहिलं, की पूर्वाला वाटलं आता ही थोबाडीत मारणार. मग तिने सही केली. कागद फाटला इतकी दाबून.

मुलगी झाली. आधी रडलीच नाही. मग रडली.

दिवेलागणीला पूर्वाच्या मोबाईलवर दाजींचा व्हिडिओ कॉल आला. नवा कोट, भांग पाडलेला, चेहरा नुसता फुललेला. "सॉरी गं, रात्रभर फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला होता आणि मी उठलो तोच पळत सुटलो. आत बोलावतीलच आता! बाळाला सांग, बाबा शपथ घेईपर्यंत दम धर म्हणावं."

पूर्वाने मोबाईल पाळण्याकडे वळवला.

दाजींचं हसू बराच वेळ तसंच राहिलं, नुसतं चेहऱ्यावर राहून गेल्यासारखं.

"कधी?"

"दुपारी."

त्यांच्यामागे कुणीतरी नावं पुकारत होतं. "मी जाऊ का आत?" त्यांनी विचारलं.

"जा," ताई पलंगावरून म्हणाली. "मी येणार नाही. हिला टाकून नाही येणार मी."

फोन बंद झाला. पप्पा पाळण्याशी उभे राहिले, पण नातीला उचलायला त्यांचे हात पुढे होईनात.

"पूर्वा," ताईने डोळे मिटूनच विचारलं, "तो अर्ज कुठला म्हणाली होतीस? महिनोन्महिन्यांचा?"

"उद्या बघू गं ताई."

"उद्या नाही. आत्ता."

पूर्वाने मोबाईल उघडला. हाच नियम तिने घरात सगळ्यांना धडाधड वाचून दाखवला होता. आता तिला पहिलीच ओळ लागत नव्हती.