एकशे बारावी शी

आत्यानं टिल्लीच्या हातातली वही ओढून घेतली आणि पेनासकट स्वतःच्या पर्समध्ये कोंबली.

"आजारी माणसापुढे हे असलं वाचायचं?"

"अगं, आजोबांनीच विचारलं. आपल्या तोंडात रोज लिटरभर थुंकी तयार होते, हे त्यांना माहीतच नव्हतं!"

वहीच्या पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरांत 'शी!' असं लिहिलं होतं. आत एकशे अकरा नोंदी. मधमाशीनं गिळलेला रस परत तोंडात आणला की त्याचा मध होतो. तारामासा पोट बाहेर काढून जेवतो. टिल्ली भावाची लेक, नऊ वर्षांची, आणि लाडानं पार बिघडलेली, असं आत्याचं स्पष्ट मत होतं. आत्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. तिच्यासमोर कुणाला साधी ढेकर आली तरी तिची भुवई वर जायची. हे वळण अर्थात अप्पांचंच; बाप तशी लेक.

अप्पांच्या आतड्याचं ऑपरेशन होऊन आज चौथा दिवस. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. पाण्याचा घोटसुद्धा बंद होता. डॉक्टर आले, त्यांनी पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं.

"आवाज तर छान येताहेत. काय अप्पा, वारा सरला का?"

अप्पा छताकडे बघत राहिले. "नाही."

डॉक्टरांनी आत्याला दाराशी बोलावलं. "आतडी जागी झाल्याची तीच खूण. दुपारपर्यंत वाट बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. त्यानंही नाही भागलं, तर पुन्हा पोट उघडून बघायची वेळ येईल."

आत्या परत खुर्चीत येऊन बसली. चार दिवस ती तिथून हलली नव्हती, आणि आता तर तिला कुणी ओढूनही नेलं नसतं. या वयात दुसरं ऑपरेशन अप्पांना झेपणार नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं चादरीची एकही सुरकुती नसलेली कड पुन्हा सारखी केली.

टिल्ली आजोबांच्या तोंडाशी कान नेऊन उभी होती. मग ती सरळ झाली.

"आत्या, तू जरा बाहेर जातेस?"

"कशाला?"

"तू असलीस की त्यांना जमत नाही. सकाळपासून धरून ठेवलंय त्यांनी."

अप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"लेकीसमोर कसं काय," ते भिंतीला म्हणाले.

आत्याला हसावं की रडावं तेच कळेना. बापाच्या पोटावर आपणच धोंडा होऊन बसलो होतो तर! ती उठली. दारातून मागे फिरली, पर्समधून वही काढली आणि टिल्लीच्या हातात ठेवली.

"वाच त्यांना. चांगलं मोठ्यानं वाच."

बाहेर आल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि बाकावर ताठ बसली. आतून टिल्लीचा खणखणीत आवाज येत होता.

"राजा असो की राणी, दिवसातून दहा-पंधरा वेळा सगळेच पादतात!"

"मुख्याध्यापिकासुद्धा?" अप्पांनी विचारलं.

"त्या पण!"

"अगं, हसवू नकोस, टाके ओढतात..."

आणि मग तो आला. जड लाकडी बाक फरशीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढावं, तसा. औषधांचा ट्रे घेऊन चाललेली नर्स जागच्या जागी थांबली.

"झालं?" तिनं विचारलं.

आत्यानं मान डोलावली, पदरानं डोळे टिपले, आणि मग सवयीनं दारावर टकटक केलं.

"अप्पा, येऊ का?"

"थांब," आतून अप्पा म्हणाले. आवाज कसा मोकळा झाला होता. "अजून आहे."

"आत्या," टिल्ली ओरडली, "माझं पेन तुझ्याकडेच राहिलं!"

आत्यानं पर्समधून पेन काढलं, फरशीवर वाकली आणि दाराखालून ते आत सरकवलं.

"वेळही लिही," ती म्हणाली. "अकरा वाजून दहा मिनिटं."