एका कंपनीपुरता परवाना

मी एक परवाना. तळहातात मावेन एवढा, प्लास्टिकचा, कडेला जरासा झिजलेला. पासपोर्टासारखी ऐट मला नाही. लोक त्याला कपाटात जपून ठेवतात, मला मात्र पाकिटात बस पासाशेजारी कोंबतात.

कंपनी आपल्या माणसाला एका देशातल्या कारखान्यातून दुसऱ्या देशातल्या कारखान्यात बदलीवर पाठवते, तेव्हा माझा जन्म होतो. माझे नियम साधे आहेत. काम त्याच कंपनीत करायचं. ती नोकरी सुटली की मीही सुटलो. आणि माझ्यावर छापलेली तारीख उलटली की माणसाने आपलं चंबूगबाळं आवरून घरी जायचं.

बर्लिनच्या छापखान्यात गरम दाबाखाली माझे थर एकमेकांना चिकटले. त्यातल्या एका थरावर एका बाईचा चेहरा उमटला आणि खाली नाव, विदाद हमरूनी. पाकीटबंद होऊन मी जिल्ह्याच्या कचेरीत पोचलो. विदादच्या पासपोर्टात आधी व्हिसाचा एक कागद चिकटवलेला होता. त्याने तिला विमानतळातून बाहेर काढलं, माझ्या हवाली केलं आणि तो गप्प झाला.

"फ्राउ हमरूनी, सांभाळा याला," कचेरीतली बाई म्हणाली. "हा हरवला तर मला त्रास, आणि तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त."

पायऱ्यांवर उभं राहून विदादने माझा फोटो काढला आणि आईला पाठवला. लगेच फोन आला.

"अगं, ही तूच ना? चेहरा असा का केलायस? दाढ दुखत होती का?"

"उम्मी, इथे फोटोत हसायची बंदी आहे."

"असल्या देशात दोन वर्षं काढणार तू?"

विदाद ट्युनिशियातल्या क्सार हेलालची. विणकरांचं गाव. तिथे या कंपनीचा कारखाना आहे, आणि तिथून बाहेर पडणारी प्रत्येक पेटी विदादच्या नजरेखालून जायची. कारखान्यात बनतात विणकामाच्या यंत्रांच्या सुया, एका टोकाला आकडा आणि आकड्यावर इवलीशी झडप असलेल्या. कंपनीचं मूळ घर मात्र दक्षिण जर्मनीतल्या श्वाबियाच्या पठारावर, लाउटरहाइम नावाच्या गावात. तिथल्या सरळकाम विभागात शिकून यायला तिला पाठवलं होतं. "तिकडच्या मदतीला इकडेही चार हात तयार हवेत," एवढंच तिला सांगितलं होतं.

सरळकाम म्हणजे काय, ते मी तिच्या अंगरख्याच्या खिशात बसून पाहिलं. यंत्रातून निघालेली एखादी सुई किंचित वाकलेली असते. लांब टेबलांशी, दिव्यांच्या उजेडात बायका बसलेल्या. एक एक सुई लोखंडी ठोकळ्यावर ठेवायची, बोटाने फिरवायची, उजेडाची रेघ तिच्या अंगावर कुठे मोडते ते पाहायचं आणि तिथेच खेळण्यातल्यासारख्या हातोडीने टिचकी मारायची. सगळा दिवस पागोळ्या गळाव्यात तसा टकटक आवाज.

त्या विभागात सगळ्या एकमेकींना अगंतुगं करायच्या. थोरली रोसविथा ग्योगेलसुद्धा सगळ्यांची 'तू' होती. विदादला मात्र साऱ्याजणी 'तुम्ही' म्हणत. "फ्राउ हमरूनी, तुमची जागा ती." "फ्राउ हमरूनी, तुम्हाला खिडकी लावून हवी का?" इतका मान, की तिला गुदमरायला व्हायचं. जेवणाच्या सुट्टीत ती टेबलाशी आली की गप्पा बंद, काटेचमच्यांचे आवाज चालू.

रोसविथा शिकवायची, पण हातचं राखून. "हातोडी आहे ती, उलथणं नव्हे," म्हणायची आणि आपल्या सुयांकडे वळायची. दुर्दैवाने ती राहायचीही विदादच्या खालच्याच मजल्यावर. तिथे आठवड्याआड जिना झाडायची पाळी येते आणि पाळी आली की दारावर पाटी लटकते. विदादने पहिल्या पाळीला जिना झाडला, पुसला आणि वर गावाकडच्या रिवाजाने बादलीभर साबणाचं पाणी ओतलं. ते पाणी ओघळत रोसविथाच्या दारात गेलं.

"फ्राउ हमरूनी!" खालून आवाज आला. "पाळी जिन्याची आहे. माझ्या चपला धुवायची नाही!"

दुसऱ्या वर्षीच्या शरदात एके दिवशी सगळ्यांना मोठ्या दालनात बोलावलं. व्यवस्थापक हेर ब्रेंडले, म्हणजे ब्रेंडलेसाहेब, हातातला कागद वाचायला लागले. पुढच्या उन्हाळ्यात सरळकाम विभाग बंद होईल. काम क्सार हेलालला जाईल. कंपनीला फार वाईट वाटतं आहे.

साऱ्या माना विदादकडे वळल्या.  

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

शेजारच्या टेबलाची ऊटं म्हणाली, "असं कसं? आमच्याच हातून शिकलात, आता आमच्याच खुर्च्या उचलून न्यायला आलात. न्या की. गाद्यासुद्धा न्या."

 ऊटंची दोन मुलं शाळेत होती आणि नवरा कंबर धरून घरी बसलेला. तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

त्या संध्याकाळी विदादने मला टेबलावर काढून ठेवलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. नोकरी सोडली तर मी त्या क्षणी निकामी, आणि तिच्या जागी दुसरं कुणी येणारच. विभाग काही वाचणार नव्हता. शेवटी तिने भाड्याच्या त्या स्वयंपाकघरात टोमॅटोत अंडी फोडून शक्शुका केली, लाल मिरचीची हरिसा जरा जास्तच घातली आणि डोळ्यांतून पाणी आलं ते तिच्या नावावर खपवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी कामावर हजर.

कसोटी पुढे होती. क्सार हेलालच्या पोरींनी सरळ केलेल्या सुया पेटीत भरून लाउटरहाइमला यायला लागल्या. त्या तपासायच्या विदादने. सुया ठीक आहेत अशी तिची सही झाली, की इथलं दार बंद आणि तिथलं उघडं.

पहिली पेटी आली. विदादने एकेक सुई उजेडात फिरवली. बऱ्याच वाकड्या. दुसरी पेटीही तशीच. तिने दोन्ही परत पाठवल्या.

क्सार हेलालहून सामियाचा फोन आला. दोघी एकाच बाकावर शिकलेल्या.

"विदाद, तू आमची आहेस की त्यांची? इथे वीस पोरी नेमणुकीची वाट बघतायत. माझी धाकटी बहीण आहे त्यांत. तुझी एक सही, बास."

"सामिया, तुमच्या नावावर वाकड्या सुया गेल्या, त्या कुणाच्या यंत्रात मोडल्या, तर कंपनी काय करेल? हे काम उचलून तिसऱ्याच देशात नेईल. मग तुझी बहीण मला काय म्हणेल?"

"मोठी शहाणी झालीस जर्मनीत जाऊन."

"शहाणी नाही गं. अजून माझीच सुई सरळ होत नाही. त्या पोरींना महिन्याभरात कशी जमेल?"

सामियाने फोन ठेवला. इकडे हेर ब्रेंडल्यांनी विदादला खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. वरून दट्ट्या आला की खाली पोचवायचा, एवढंच त्याला माहीत.

"फ्राउ हमरूनी, किती दिवस पेट्या परत पाठवणार? वाकड्या म्हणजे अशा किती वाकड्या?"

"तुम्हाला दिसणार नाहीत एवढ्या. यंत्राला मात्र दिसतील."

"बघा, तुमच्या कार्डाची मुदत वसंतात संपते. एक वर्ष वाढवून मिळू शकेल. पण त्याला कंपनीची शिफारस लागते." त्यांनी परत गेलेल्या पेट्यांची यादी तिच्यापुढे सरकवली. "आणि कंपनीला सही लागते."

विदादने मला पाकिटातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. 

"याच्यावरची तारीख मला पाठ आहे, हेर ब्रेंडले. वाढली तर आनंद आहे. पण याच्यासाठी वाकड्या सुईला सरळ म्हणणार नाही. तिकडच्या पोरींचा हात तयार व्हायला वर्ष जास्त लागेल. तसं लिहून हवं असेल तर त्याच्यावर आत्ता सही करते."

आयुष्यात मी पहारेकऱ्यांसमोर, कचेऱ्यांत, बँकेत, कितीदा टेबलावर पडलो असेन. पण त्या दिवशी पडलो तसा ताठ मानेने कधी पडलो नाही.

गावात गोष्ट लपत नाही. दोनच दिवसांनी विदादच्या दारावर थाप पडली. दारात रोसविथा, हातात झाकलेलं ताट.

"मसूर आणि श्पेट्सलं, आमच्याकडच्या अंड्याच्या शेवया," ती म्हणाली. "सोबतचं सॉसेज गाईचं आहे. डुकराचं नाही. खाटकाला मी दोनदा विचारलं, तो चिडला माझ्यावर. आत येऊ की इथेच उभी करणार?"

ती आत आली, खुर्चीत बसली, जिन्यात कुणी नाही ना ते तिने एकदा बघून घेतलं.

"मला निवृत्त व्हायला वर्ष उरलंय. उन्हाळ्यात घरी बसावं लागलं तर पेन्शनीत खड्डा पडेल. हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही."

"मग का केलंत?"

"सुया वाकड्या होत्या."

 रोसविथा गडगडाटी हसली. "बास, झालं. आजपासून मला रोसविथा म्हण. ते 'तुम्ही तुम्ही' पुरे. आणि उद्या माझ्या टेबलाला खुर्ची लाव. आतापर्यंत मी तुला काही म्हणजे काही शिकवलेलं नाही."

'तू' म्हणताना विदादची जीभ अडखळली. चौथ्यांदा जमलं.

खरं शिकणं त्यानंतर सुरू झालं. रोसविथा तिचा हात धरायची. "मारू नकोस गं तिला. समजूत घाल. पोर रुसलीय असं समज." चुकलं की तोंडाचा पट्टा सुरू, आणि जमलं की काहीच बोलायची नाही, फक्त पुढची सुई सरकवायची. हळूहळू दुसऱ्या दोघीतिघी टेबलाशी सरकल्या. जेवताना कुणीतरी हरिसा चाखून बघितली, ठसका लागला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली. विदाद शिकलेलं रोज दुपारी क्सार हेलालच्या पोरींना फोनच्या पडद्यावर दाखवायची, आणि मागून रोसविथा जर्मनमध्येच त्यांना ओरडायची. पोरींना एक शब्द कळत नसे, तरी त्या पाठ ताठ करून बसत.

ऊटं मात्र शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणत राहिली. तिला शेजारच्या गावात वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. गेली तेव्हा हातोडी भांडारात जमा केली आणि मागे वळून न बघता गेली.

विभाग लगेच बंद झाला नाही. विदादचा अहवाल वरपर्यंत गेला आणि वर्षभराची मुदत मिळाली. ती तिथल्या बायकांना मिळाली. मला मिळाली नाही. शिफारसीचं पत्र काही आलं नाही. कुणी कारणही सांगितलं नाही.

वसंतात विदाद मला घेऊन पुन्हा त्याच कचेरीत गेली. बाईने कात्री घेतली, माझा एक कोपरा कापला आणि मला परत दिलं. "आठवण म्हणून ठेवा. काही करता येणार नाही याने आता."

निघायच्या दिवशी रोसविथाने आपल्या खटारा गाडीतून तिला विमानतळावर सोडलं. वाटभर दोघी भांडत होत्या, बॅग कुणी उचलायची यावर. आत जायच्या वेळी रोसविथाने तिला घट्ट धरलं आणि म्हणाली, "जा. आणि त्या पोरींना सांग, टेकून बसायचं नाही."

आता मी क्सार हेलालला असतो, विदादच्या पाकिटात, तिच्या इथल्या ओळखपत्राच्या मागे. मोडीत निघालेला, पण फेकलेला नाही. मिळालेलं वर्ष सरलं, लाउटरहाइमचा विभाग बंद झाला आणि गेल्या उन्हाळ्यानंतर इथला सुरू झाला. सामियाची बहीण खिडकीशी बसते. सामियाही बोलते आता, पूर्वीपेक्षा थोडं कमी.

आणि आठवड्यापूर्वी एक नवल घडलं. पेन्शनीत गेलेली रोसविथा ग्योगेल, जिने आल्प्सच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, ती इथे येऊन थडकली. पोरींना प्रत्यक्ष शिकवायला कुणीतरी हवं, असं विदादने कंपनीला लिहिलं होतं, आणि कंपनीने रोसविथाला पुन्हा कामावर घेऊन इकडे पाठवलं. तिला आता इथला परवाना हवा. दोघी कचेरीत रांगेत उभ्या राहिल्या. रोसविथाचा चेहरा उन्हाने लाल, हातात विदादच्या आईने कोंबलेली मक्रूदची, खजूर भरलेल्या वड्यांची, पुडी.

"किती काळ राहणार?" कारकुनाने विचारलं. विदादने तिला ते जर्मनमध्ये सांगितलं.

"पोरी शिकेपर्यंत," रोसविथा म्हणाली.

विदादने तसंच्या तसं अरबीत सांगितलं. कारकुनाने मान वर केली.

"ताई, त्याच्यासाठी रकाना नाही."

"मग एक पाड म्हणावं त्याला," रोसविथा म्हणाली. याचं काही विदादने भाषांतर केलं नाही. तिने त्याला पुडीतली एक मक्रूद दिली आणि "एक वर्ष लिहा," म्हणाली.

माझा तो भाऊ अजून छापून यायचा आहे. तो आला, आणि दोन पाकिटं कधी एका टेबलावर शेजारी पडली, तर मी त्याला सांगेन: बाबा रे, बाई तोंडाची फटकळ आहे, तिला घाबरू नकोस. कुणी दारात अडवलं तर पुढे हो. आणि तुझी मुदत असेल तोवर तिला तिचं काम करू दे.