ओळंब्याचे वीस झोके

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. नाव ऐकून तुमच्यातले काही जण डोकं खाजवतील, म्हणून आधी ओळख करून देतो. मी पितळेचा, भोवऱ्याएवढा, खाली टोकदार. माझ्या डोक्यात एक भोक आणि त्यात ओवलेला लांब दोरा. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक लाकडी ठोकळा. गवंडी तो ठोकळा भिंतीच्या वरच्या अंगाला टेकवतो आणि मला खाली सोडतो. मग मी भिंतीला सांगतो, "बाई गं, तू सरळ आहेस," नाहीतर, "बाई गं, तू जराशी कलली आहेस." खोटं मला बोलताच येत नाही.

ज्या म्हाताऱ्या ओताऱ्यानं मला साच्यात ओतलं, तो काम करताना सारखा गुणगुणायचा. कातून, घासून मी तयार झालो तेव्हा त्यानं मला दोऱ्याला टांगलं. मी आनंदानं हललो, डोललो. त्यानं दोन बोटांनी मला अलगद थांबवलं.

"हलायचं नाही हं बाळा," तो म्हणाला. "तुझं काम थांबायचं."

हा माझा पहिला धडा. तो मी जन्मभर पाळला.

मला एका गवंड्यानं घेतलं. त्याचा मुलगा विज्ञानाचा वेडा. कॉलेजात नाव घातलं, तीन महिने गेलासुद्धा. मग एक दिवस वडील परांचीवरून पडले आणि कमरेनं कायमचे बसले. त्याला कुणी कॉलेज सोड म्हटलं नाही, कुणी जा असंही म्हटलं नाही. त्यानं वह्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आणि मला खिशात घातलं. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. खिशात माझ्याशेजारी त्याची मूठ होती, घट्ट आवळलेली.

पुढं लोक त्याला मिस्त्री म्हणू लागले. मीही तेच म्हणतो.

काय दिवस होते ते! आम्ही किती भिंती उभ्या केल्या, त्याची गणती नाही. मिस्त्री मला सोडायचे, मी हललो की दोन बोटांनी थांबवायचे, डोळा बारीक करायचे आणि मान डोलवायचे. घमेली वाहणाऱ्या बायकांनी माझ्यावर गाणंही रचलं होतं:

वीट गं विटेवरी, ओळ गं ओळीवरी
भिंत चालली सरळ, ओळंब्याच्या दोरीवरी

गाणं ऐकलं की माझं पितळ उगीचच चमकायचं.

एकदा मिस्त्रींची लेक कामावर आली होती. सहा वर्षांची असेल. माझ्यासमोर उकिडवी बसून तिनं विचारलं, "बाबा, हा नेहमी खालीच का बघतो?"

"त्याचं काहीतरी पडलंय खाली," मिस्त्री म्हणाले.

ती खूप हसली. मिस्त्री मात्र हसले नाहीत. खरं उत्तर कधीकाळी शिकायला सुरुवात केली होती आणि ते अर्ध्यातच राहिलं होतं. ते त्यांना सलत राहिलं.

मग लाल रेष मारणारं यंत्र आलं. बटण दाबलं की भिंतभर रेष! दोरा सोडायला नको आणि वारा पडायची वाट बघायला नको. मला दाराआडच्या खिळ्यावर टांगलं गेलं. चार वर्षं मी तिथं होतो. एका कोळ्यानं माझ्या दोऱ्यावरून जाळं विणलं. निदान त्याच्या तरी मी उपयोगी पडलो, असं मनाला समजावत होतो.

दरम्यान लेक कॉलेज संपवून नोकरीला लागली. कामावर पहिल्या दिवशी ती निघाली, तर मिस्त्रीणबाई सवयीनं भरलेला डबा हातात घेऊन उभ्या.

"अगं आई, मला तिकडेच जेवण आहे," लेक म्हणाली.

"मग आता हा कुणाला देऊ?"

"बाबांना. मी त्यांचा कॉलेजचा फॉर्म भरलाय. सकाळी कॉलेज, दुपारी काम."

मिस्त्रींना ठसकाच लागला. "वेड लागलं का तुला? त्रेचाळीस वर्षांचा घोडा मी!"

"घोड्यांनाही घेतात. मी विचारून आले."

मिस्त्री आशेनं बायकोकडे वळले. त्यांना वाटलं, ही तरी आपल्या बाजूनं बोलेल. मिस्त्रीणबाईंनी डब्याची कडी लावली. "जा हो. भरलेला डबा मी काही परत उघडणार नाही."

अशा रीतीनं मिस्त्री कॉलेजात गेले. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी सगळी हकीकत सांगितली, ती मी खिळ्यावरून ऐकली. वर्गात पाऊल टाकताच सगळी मुलं उभी राहून नमस्कार करू लागली. सर आले असं वाटून मिस्त्रींनीही मागं वळून नमस्कार केला. मागं कुणीच नव्हतं! कानाला पेन्सिल तशीच राहिली होती, त्यावरूनही हसणं झालं.

"शिकवणं कळलं का पण?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं.

"कसलं कळतंय! फळ्यामागची भिंत कललीय. सारखं लक्ष तिकडेच. मुलांना म्हटलं, दोन सूत बाहेर आहे. ती म्हणाली, काका, सरळ तर आहे!"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढासा कल साध्या डोळ्याला दिसत नाही, मिस्त्रींच्या डोळ्याला टोचतो. ते तसेच उठले, दाराआड आले, कोळ्याचं जाळं फुंकरीनं बाजूला केलं आणि मला खिळ्यावरून काढलं. मित्रांनो, चार वर्षांनी तो खरबरीत तळहात लागला तेव्हा काय वाटलं, ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात मिस्त्री बाकावर चढले आणि त्यांनी मला सोडलं. मी थांबलो. मोजपट्टी लावली. बरोबर दोन सूत! मुलांनी बाकं बडवली. त्या दिवसापासून मिस्त्रींचं नाव पडलं दोनसूतकाका.

आवाज ऐकून प्रयोगशाळेच्या बाई दारात आल्या होत्या. मुलं पटापट जागेवर बसली. बाईंचं लक्ष मात्र माझ्याकडे.

"हा कुठून आणलात? माझ्याकडे गोळे कमी आहेत आणि मुलं जास्त. हा झकास लंबक होईल."

लंबक म्हणजे काय, ते त्यांनी समजावून सांगितलं. दोऱ्याला टांगलेल्या वजनाला हलका झोका द्यायचा आणि वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं. त्यावरून पृथ्वी आपल्याला किती जोरानं ओढते, ते काढता येतं.

मिस्त्री हळूच म्हणाले, "म्हणजे बाई, हा खाली का बघतो, ते?"

"तेच," बाई म्हणाल्या.

माझी मात्र पाचावर धारण बसली. झोका? मी? आमच्या धंद्यात हलणं म्हणजे लाज! पहिल्याच झोक्याला मला घेरी आली. पण माझ्याहून जास्त घोटाळा मिस्त्रींचा झाला. पाच-सहा झोके झाले की त्यांचा हात आपोआप पुढं यायचा आणि दोन बोटांनी मला थांबवायचा. बावीस वर्षांची सवय ती!

"काका, पुन्हा थांबवलंत!" मुलं ओरडायची.

"अरे, हा हात माझं ऐकतच नाही रे!"

सहामाहीला लेखी पेपर चांगले गेले. प्रात्यक्षिकात मात्र मिस्त्री नापास झाले, कारण वीस झोके एकदाही पुरे झाले नाहीत. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "वार्षिक प्रात्यक्षिकात पास झालो नाही, तर पुन्हा वही हातात धरणार नाही. मिस्त्रीनं भिंती बांधाव्यात." बोलून झाल्यावर ते बराच वेळ पेटीतल्या जुन्या वह्या चाळत बसले. मी खिशातून बघत होतो.

मग मिस्त्रीणबाईंनी कंबर कसली. दाराच्या चौकटीला खिळा ठोकून मला टांगलं. रोज संध्याकाळी त्या भाजी निवडत झोके मोजायच्या.

"अकरा... बारा... थांबवलंत ना पुन्हा! हा रिकामा डबा धरा दोन्ही हातांत. सोडलात तर बघा!"

डबा पोटाशी धरून मिस्त्री उभे. तेरा, चौदा, पंधरा. बोटं डब्यावर वळवळत होती. एकोणीस. वीस! लेकीनं टाळ्या पिटल्या. आणि मी? मित्रांनो, त्या विसाव्या झोक्याला मला एकदम उमगलं की आयुष्यभर मी फक्त जमीन पाहिली होती. झोक्यात मला इकडे उंबरा दिसला, तिकडे खिडकीतलं आभाळ दिसलं आणि मध्ये मिस्त्रींचं हसू दिसलं. माझी लाज कुठल्या कुठं पळाली.

कामावरच्या बायकांना ही बातमी कळायला कितीसा वेळ! घमेली उचलता उचलता त्यांनी नवं गाणं जोडलं:

अक्षर अक्षरावरी, पान गं पानावरी
मिस्त्री निघाला शाळेला, पेन्सिल त्याच्या कानावरी

वार्षिक परीक्षेचा दिवस आला. बाहेरचे परीक्षक होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेले. चिठ्ठी उचलली, तर प्रयोग लंबकाचाच! बाईंनी मला पुढं केलं. मिस्त्रींनी दोऱ्याची लांबी मोजली, मला एका बाजूला ओढलं आणि सोडलं. एका हातात घड्याळ. दुसरा हात मोकळा. डबा बाहेर बाकावर राहिला होता.

एक, दोन, तीन... मी मन लावून झुलत होतो. दहा. तेरा. चौदाव्या झोक्याला तो मोकळा हात उठला. दोन बोटं जुळली. शेजारच्या टेबलावरची मुलगी आपला प्रयोग सोडून बघत होती. बोटं माझ्यापासून वीतभर अंतरावर आली आणि तिथंच घुटमळली. मग तो हात वर गेला, कानापाशी गेला आणि त्यानं पेन्सिल काढून घट्ट धरली.

सतरा. अठरा. एकोणीस. वीस!

मिस्त्रींनी घड्याळ दाबलं आणि आकडा वहीत लिहिला. मग दोऱ्याची लांबी बदलून बदलून तसंच चार वेळा केलं. हात पुन्हा उठला नाही.

परीक्षक जवळ आले. वही पाहिली. मग विचारलं, "गोळा जड केला, तर वेळ बदलेल?"

"नाही सर. जड असो, हलका असो, वेळ तेवढाच."

"आणि दोरा लांब केला तर?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "मग झोका सावकाश होतो, सर. वेळ लागतो. पण परत येतो."

परीक्षकांनी चष्मा वर सरकवला, एकदा मिस्त्रींकडे नीट पाहिलं आणि वहीवर सही केली. "छान. पास आहात. आता थांबवा तो गोळा."

मी अजून झुलतच होतो.

"राहू द्या ना सर जरा वेळ," मिस्त्री म्हणाले. "बिचारा जन्मात पहिल्यांदाच खेळतोय."

आणि मग सगळी प्रयोगशाळा, बाई, मुलं आणि ते परीक्षकही, उभी राहून माझा झोका बघत राहिली. मी माझा मीच, हळूहळू थांबलो.

आता मिस्त्री दुसऱ्या वर्षात आहेत. लेकीला तिच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आकड्यांसकट. फळ्यामागची ती भिंत मिस्त्रींनी सुट्टीत स्वतः सरळ करून दिली आणि त्या कामाला लाल रेषेचं यंत्र नेलं नाही, मला नेलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातही दाराआड एखादा खिळा असेल आणि त्यावर कुणाचं तरी अर्ध्यात राहिलेलं काही टांगलेलं असेल. आईचं असेल, काकांचं असेल, आत्याचं असेल. एकदा जाळं फुंकून ते खाली काढा. आणि ते हलू लागलं, की दोन बोटांनी थांबवू नका. वीसपर्यंत मोजा.