विद्यापीठाचा इसार

दीपमालाच्या सीटचा इसार मीच भरला होता. तिथंच सगळी गोची झाली.

दीपमाला माही लहान बहीण. अमरावतीले मनकर्णा आत्याकडं राहून बीएस्सी झाली, स्टॅटिस्टिक्स घेऊन. मी बारावीनंतर शिकलो नाही. कॉम्प्युटर मोबाइलवर पाहून पाहून शिकलो, अन् आता तेल्हाऱ्यात तहसीलीसमोर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. म्हणून तिच्या एमएस्सीचा फॉर्मबी मीच भरला. बाहेरच्या राज्यातलं सरकारी विद्यापीठ, लय नावाचं. नाव ऐकून तिच्या कॉलेजचे सर खुर्चीतून उठून उभे राहिले म्हणे.

लिस्टमधी नाव लागलं. पण तिथल्या राज्याच्या पोराले वर्षाचे बावीस हजार, अन् आपल्यासारख्या बाहेरच्याले एक लाख दहा. सीट धरून ठेवायले आधी दहा हजार भरायचे होते. ते मी भरले.

आता आमच्याकडचं सांगतो. आमची संत्र्याची बाग आहे. फळ झाडावर असतानाच बाग विकतात. व्यापारी येते, झाडं पाह्यते, इसार देते. इसार घेतला की बाग त्याची. मंग दुसरा कोणी दुप्पट देतो म्हणला तरी द्यायची नाही. बाकीचे पैसे तोडीच्या वक्ती, दिवाळीच्या आसपास. तोपर्यंत फळगळ झाली त नुकसान आपलं. व्यापाऱ्यानं पूर्ण पैसे आधीच दिले असले, त गळ त्याची.

मी बारा वर्षांचा होतो तवापासून हे पाहून राहिलो. म्हणून छातीठोक सांगून टाकलं सगळ्यायले, "इसार दिला आहे, सीट कुठं जात नाही. बाग तुटली का बाकीचे भरू." विद्यापीठाले तसा मेलबी टाकला. उत्तर आलं नाही. आमच्या धंद्यात समोरचा काही बोलला नाही म्हणजे त्याले कबूल असते.

बुधवारी अकरा वाजता उत्तर आलं. आज संध्याकाळी पाचपर्यंत पूर्ण फी, नाहीतर सीट वेटिंगमधल्या पुढच्या नावाले.

समोर एक बाई उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बसली होती. तिचं आडनाव मी तीनदा चुकीचं टाइप केलं. दुकानाचं शटर अर्धं ओढून बाबाले फोन लावला.

"बाबा, सीट चालली."

"इसार दिला ना?"

"ते लोक इसार मानत नाहीत."

बाबा म्हणे, "गाडी काढ. अकोल्याले जाऊ, ओमप्रकाश शेठकडं."

आमची बाग या साली ओमप्रकाश शेठनंच घेतली होती. मोटरसायकलवर बाबा मागं बसले. मधातच माह्या कानापाशी येऊन म्हणाले, "अमरावतीत हेच शिकवतात ना?"

"पुस्तकं तेच आहेत."

"मंग तिथं लाखावर पैसे कायचे?"

"नावाचे."

"नाव त संत्र्याच्या पेटीवरबी असते."

"पेटीवरचं नाव पाहूनच भाव लागते ना, बाबा."

"अन् आत सडकं निघालं त?"

रस्त्याचं काम चालू होतं, गिट्टी उडून राहिली होती. या सालची बाग, बहिणीची सीट, सगळं एका मेलवर चाललं होतं, अन् तो मेल मी टाकला होता.

शेठ गादीवर बसून चहा पिऊन राहिले होते. सगळं ऐकलं. "वामनराव, पोरगी चंद्रावर चालली का?"

"चंद्रावर फी कमी असन," बाबा म्हणाले.

शेठ हसले, पण धंद्याचं बोलले. "तोडीले तीन महिने आहेत. आज पूर्ण पैसे दिले त गळ माही. झाडामागं दोनशे कमी देईन. विचार करा."

बाबानं माह्याकडं पाहिलं. मी बाहेर येऊन दीपमालाले फोन लावला. पावणेचार वाजले होते. सगळं सांगितलं. माही चूकबी सांगितली.

ती म्हणाली, "इथं अमरावतीच्या ॲडमिशनची उद्या शेवटची तारीख आहे. आत्या म्हणते इथंच राय. दादा, मले लय भेव वाटून राहिलं. खरं सांग. तिथं जाऊन मी तेवढ्या पैशाची होईन का?"

दुकानात येणाऱ्या हरेकाले मी म्हणतो, लागते नंबर, घाबरू नका. तोंडापर्यंत तेच आलं होतं.

"माइत नाही," मी म्हणलो.

तिकडं आत्याच्या कुकरची शिटी झाली. मंग दुसरी.

"तू पह्यल्यांदा माइत नाही म्हणला."

"मले साध्या इसाराचं कळलं नाही. याच्यात काय कळन?"

"सर, मैत्रिणी, सगळे हो हो म्हणून राहिले. त्याचंच जास्त भेव होतं. वाटे, याच्यातला धोका कोणाले दिसतच नाही का." मंग म्हणाली, "इथं राहिली त दर साली त्यायची लिस्ट उघडून पाहीन, कोण गेलं म्हणून. भर, दादा."

आत येऊन मी बाबाले मान हलवून सांगितलं. बाबानं शेठचा हात हातात घेतला.

पैसे माह्या खात्यात यायले चार पस्तीस झाले. मी शेठच्या कॉम्प्युटरवर बसलो. पोर्टल उघडलं, रक्कम टाकली, ओटीपी टाकला. स्क्रीनवर गोल फिरून राहिलं. मी लोकायले सांगतो, फिरत असन तवा काहीच दाबू नका. माहंच बोट बॅकच्या बटणावर जाऊन थांबलं. चार पंचेचाळीस. चार बावन्न. बाबा माह्या मागं उभे होते. त्यायचा श्वास माह्या मानेवर लागून राहिला होता.

चार चौपन्नले पावती आली.

शेठच्या मुनीमानं ती छापून दिली. बाबाले इंग्रजी वाचता येत नाही, तरी त्यायनं वरपासून खालपर्यंत पाहिली. घडी घालून खिशात ठेवली, इसारपावती ठेवतात तशी. बाहेर गाडीपाशी आलो तवा म्हणाले, "पूर्ण पैसे गेले ना?"

"या सालचे गेले."

"म्हणजे इथं व्यापारी आपण. आता गळ झाली त आपली."

मी हेल्मेट डोक्यात घातलं. गाडी तिसऱ्या किकले चालू झाली.