फोटोंवर आळ

आमच्या वन्सं कृत्रिम पाय बनवतात, आणि तो नीट कसा बसवायचा हे कार्यशाळेच्या विकीवर, म्हणजे सगळ्यांना वाचता-बदलता येणाऱ्या वेबपानांवर, फोटोंसकट लिहून ठेवतात. कातडीवर लाल डाग कुठे पडला म्हणजे पाय आतून कुठे घासायचा, हे नुसतं वाचून कुणाच्या डोक्यात शिरत नाही. फोटो पाहिला की नवख्यालाही कळतं. वर्षानुवर्षं खपून त्यांनी ते जमवलेत. आणि काल साहेबांनी फर्मान काढलं: पान बदलायला एडिटर उघडावा तर युग लागतं, ते या फोटोंच्या ओझ्यामुळे. आज जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे काढून टाका.

वन्संनी मला बोलावून घेतलं. संगणक ताळ्यावर आणणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि भावजय हक्काची असते.

"वहिनी, खरंच माझ्या फोटोंनी होतं का गं असं?" त्यांनी विचारलं. मला साहेबांचा असा राग आला की काही विचारू नका.

"फोटोंना हात लावू नका, वन्सं. आधी चोर पकडू, मग शिक्षा."

मी एक नवं, कोरं पान काढलं. ना फोटो, ना अक्षर. संपादनाचं बटण दाबलं. चक्र आपलं फिरतंय, फिरतंय, आणि मग कधीतरी एडिटर उघडला. फोटोंनी भरलेल्या पानालाही तेवढाच वेळ. रिकामी पिशवी आणि भरलेली पिशवी उचलायला सारखाच वेळ लागत असेल, तर आतल्या सामानाला कशाला बोल लावायचा? निम्मं काम तिथेच झालं.

मग ब्राउझर कुणाकुणाकडे काय मागतोय ते उघडून पाहिलं. बाकी सगळ्या मागण्या झटपट पुऱ्या होत होत्या. एकच ताटकळत उभी. एडिटर उघडण्याआधी एका जुन्या सर्व्हरला हाक मारत होता, आणि तो सर्व्हर साहेबांनीच मागच्या साफसफाईत भंगारात काढला होता. ओ येईना, तेव्हा कंटाळून एडिटर नव्या सर्व्हरकडे वळायचा. दर वेळी हेच. सेटिंगची एक प्रत बाजूला ठेवून मी त्या जुन्या सर्व्हरचा पत्ता खोडला.

"आता बघा."

वन्संनी सगळ्यात जास्त फोटोंचं पान काढलं, बटण दाबलं आणि सवयीने उठून घासायच्या मशीनकडे निघाल्या. एडिटर उघडेपर्यंत त्या रोज एखादी कड घासून यायच्या.

"अहो वन्सं, चाललात कुठे? उघडलंय."

"उगाच चेष्टा करू नकोस." पण वळून पाहिलं तर पान समोर तयार. त्या हळूच बसल्या, हातावरची पांढरी भुकटी झटकली आणि टाइप करायला लागल्या, त्या थांबेचनात. वाट बघायचा कंटाळा म्हणून किती गोष्टी त्यांनी मनातच ठेवल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.

जेवणाच्या सुट्टीत साहेब दारात येऊन उभे राहिले. "काढले का फोटो?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वन्संच बोलल्या. मागे वळूनही पाहिलं नाही त्यांनी.

"नाही. अजून घालतेय."